हवालदार अप्पांचं बोट

हवालदार अप्पा भाकरी मोडायचे ती अंगठा, मधलं बोट आणि अनामिका यांनी. उजव्या हाताची तर्जनी तेवढा वेळ ताटापासून लांब, वर उचललेली असायची, घरकामाला हात न लावणाऱ्या पाहुणीसारखी. चहाचा गरम ग्लास त्या बोटाने धरायचा नाही, मिरचीला ते लावायचं नाही, सुतळीची गाठ सोडायची तर डाव्या हाताने. रोज आंघोळ झाली की त्याला खोबरेल तेल. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. त्या आम्हा पोरांदेखत सुनवायच्या, "पोटच्या लेकीला कदी एवढं जपलं न्हाई ह्या माणसानं. बोटाला बगा कसं सांभाळायलाय, नव्या सुनेवानी." अप्पा आपले तेल जिरवत बसायचे.

अप्पा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन राजेश्वरला, आमच्या गावी, परतले होते. फौजेत असताना नेमबाजीच्या संघात होते, पुढे तिथेच शिकवायला लागले. गावी आल्यावर लोकांनी त्यांना सोयाबीन पेरायला सांगितलं, बँकेत पहारेकरी व्हायला सांगितलं. त्यांनी हायवेजवळचं बंद पडलेल्या दाळमिलचं गोदाम भाड्याने घेतलं, एका टोकाला लाकडी फळ्या ठोकल्या, त्यांवर कागदी निशाण लावलं आणि पोरं गोळा करायला सुरुवात केली. गावात कुजबुज झाली की हवालदार पोरांना गुंड करायलाय. माझे बाबाही त्या कुजबुजीत होते. मी अकरावीत होते. गोदाम बघायला म्हणून मैत्रिणीसोबत गेले आणि ती मैत्रीण आठवड्यात कंटाळली तरी मी जातच राहिले.

आमच्याकडे पिस्तुलं दोनच. दोन्ही हवेवर चालणारी, शिशाचा बारीक छर्रा फेकणारी. एक अप्पांनी हैदराबादहून जुनंच आणलेलं. दुसरं हुमनाबादच्या एका व्यापाऱ्याच्या मुलाचं. त्याचा नाद सुटला आणि ते आमच्याकडे आलं. पहिल्याला आम्ही थोरलं म्हणायचो, दुसऱ्याला धाकलं. थोरल्याचा चाप लांब चालायचा. ओढत राहावं, ओढत राहावं, मग कुठेतरी तो अडायचा आणि त्यापुढे जोर दिला की सुटायचा. धाकल्याचा जरासा हलला की अडायचा. अडल्यानंतर लागणारा जोर दोघांना सारखाच, पण बोटाला ते पटत नाही. लांब चालणारा चाप हलका वाटतो, आखूड चालणारा जड वाटतो. हा फसवा हिशोब अंगात मुरेपर्यंत अप्पा कुणाला छर्राच देत नसत. डोळ्यांवर पंचा बांधायचे, हातात रिकामं पिस्तूल द्यायचे आणि विचारायचे, "कोणतं हाय? किती चाललं? कुठं अडलं?" मी एकदा वैतागून म्हणाले, "अप्पा, निशाण कदी दाखवणार?" ते म्हणाले, "निशाण कुटं पळून जायलाय? आदी बोट शिक."

चाप दाबायचा हा शब्द त्यांना चालत नसे. "दाबायला ती काय बेल हाय दाराची? चाप जवळ घ्यायचा, पोरी. हळू जवळ घ्यायचा. सुटला कवा ते तुलाबी कळायला न्हाई पायजे." हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की आजही स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर मी हळूच दाबते आणि तो पेटत नाही.

माणसंही ते ह्याच मापाने मोजायचे. अक्कांचा चाप आखूड आणि हलका. हात लावला की सुटला, पण कुणाला लागत न्हाई. सरपंचाचा लांब, कितीबी ओढा, अडतच न्हाई. माझे बाबा एकदा गोदामात येऊन दाराशी उभे राहिले, दहा मिनिटं एक शब्द न बोलता बघितलं आणि निघून गेले. त्यांच्या पाठीकडे बघत अप्पा मला म्हणाले, "तुझ्या बापाचा चाप लांब हाय आन् जडबी हाय. लई येळ काई बोलणार न्हाई. पर सुटला तर परत फिरणार न्हाई. जपून ऱ्हा." आम्ही पोरी पोट धरून हसलो होतो.

सकाळी ते लिंगपूजा करायचे. विभूती लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून त्याच्याकडे एकटक बघत बसायचे. त्या वेळी त्यांचा हात हललेला मी कधी पाहिला नाही. पूजा आटोपली की म्हणायचे, "लोक मला विचारतेत, फौजेत नेम शिकलास का? म्या म्हणतो, फौजेत पिस्तूल शिकलो. नेम माझ्या आईनं शिकवला, पूजेला बसवून." बोलण्यात मोठेपणा नसायचा. खरं तर त्यांचा मोठेपणा सगळा त्या एका बोटात साठलेला होता आणि तिथे मात्र तो भरपूर होता.

स्पर्धेतल्या पिस्तुलाचा एक नियम असतो. पिस्तूल उभं धरायचं, चापाला पाचशे ग्रॅमचं वजन अडकवायचं आणि उचलायचं. वजन उचललं गेलं तर ठीक. मध्येच चाप सुटला तर तो हलका, आणि हलका चाप चालत नाही. प्रत्येक नेमबाजाला चाप त्या मापाच्या जमेल तेवढा जवळ हवा असतो, कारण चाप जितका हलका तितका हात कमी डगमगतो. शहाणे लोक थोडी जागा सोडतात. अप्पा सोडत नसत. बारीक स्क्रू फिरवायचे, डोळे मिटून तर्जनीने चाप जवळ घ्यायचे, पुन्हा स्क्रू, पुन्हा बोट. आणि मग कानडीत म्हणायचे, "साकु." म्हणजे पुरे. सुरुवातीच्या वर्षांत ते किराणा दुकानातल्या अर्ध्या किलोच्या वजनाला तारेचा आकडा करून त्यावर बोटाची परीक्षा घ्यायचे. बोट दर वेळी पास व्हायचं. मग वजन खिडकीत गेलं आणि गोदामाची रीतच पडली. स्पर्धेला निघताना पिस्तूल अप्पांच्या बोटाखालून जायचं, "साकु" ऐकायचं आणि पेटी बंद करायची. त्यानंतर पुन्हा वजन लावणं म्हणजे नैवेद्य दाखवायच्या आधी चाखून बघण्यातला प्रकार. आमच्यापैकी कुणाच्या मनातही ते आलं नाही.

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा अप्पांना एक नवा शब्द लागला. जड. कुठलंही पिस्तूल हातात घेतलं की म्हणायचे, "जड झालाय ह्याचा चाप." कधी धूळ बसली म्हणायचे, कधी स्प्रिंग म्हातारी झाली म्हणायचे, कधी हवेला दोष द्यायचे. स्क्रू फिरवून हलका करायचे. आमचे गुण वाढायला लागले. माझे तर इतके वाढले की कलबुर्गीच्या स्पर्धेत लोक मला बघायला थांबले. तिथे वजन कुणी लावलंच नाही. आम्हाला वाटलं, अप्पांचा हात उतारवयात आणखी पिकला.

त्याच साली बाबांचा चाप सुटला. स्थळ आलं होतं, भालकी तालुक्यातलं मेहकर, घर चांगलं, शेती बागायती. मी नोकरी करणार म्हणाले. खेळाडूंसाठी राखलेली एक सरकारी नोकरी होती आणि तिला राज्याच्या स्पर्धेतलं पदक लागत होतं. बाबा जेवता जेवता म्हणाले, "यंदाचं साल तुझं. पदक आण, नोकरी कर, मी एका शब्दानं बोलणार न्हाई. न्हाई आणलंस तर पुढचं साल माझं." मी अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "ठीकाय. सौदा सरळ हाय. आणू या."

स्पर्धा बेंगळूरूला, डिसेंबरात. अप्पा सोबत आले. आदल्या दिवशीच्या तपासणीत धाकल्या पिस्तुलाने जेमतेम वजन उचललं आणि त्यावर पास झाल्याचं स्टिकर लागलं. सकाळी लॉजच्या खोलीच्या दारात अप्पा उभे राहिले, कानाला मफलर. "दे बरं पिस्तूल." मी दिलं. त्यांनी चाप ओढून बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "गारठ्यानं जड झालाय. असा घेऊन गेलीस तर शेवटाला बोट दमंल." स्क्रू थोडा फिरला. डोळे मिटून पुन्हा एकदा ओढला. "साकु."

त्या दिवशी मी आयुष्यातली सगळ्यात चांगली नेमबाजी केली. हे मी फुशारकीने सांगत नाही, कारण त्या गुणांच्या कागदाला आता काही किंमत नाही. अंतिम फेरीला जाणाऱ्या पहिल्या आठ जणींत माझं नाव पडद्यावर आलं, वरून तिसरं. काचेपलीकडे अप्पा उभे होते आणि त्यांनी ती तर्जनी वर करून मला दाखवली. बाहेर पडताना काही नेमबाजांची पिस्तुलं चिठ्ठी काढून पुन्हा तपासतात. चिठ्ठी माझी निघाली.

चापाला वजन अडकवलं, उचललं, आणि खट आवाज झाला. पुन्हा उचललं. पुन्हा खट. तीन वेळा संधी देतात. तिसऱ्या वेळी मी बघितलं नाही, फक्त ऐकलं. टेबलामागच्या तरुण अधिकाऱ्याने पडद्याकडे बघितलं आणि थोड्या वेळाने माझं नाव तिथून निघून गेलं.

अप्पा आत आले. त्यांना तिथे यायची परवानगी नव्हती, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कुणी अडवलं नाही. त्यांनी त्या अधिकाऱ्यापुढे हात जोडले. तो त्यांच्या मुलाच्या वयाचा होता. अप्पा कानडीत सांगत राहिले, ह्या पोरीनं स्क्रूला हात लावलेला नाही, चाप मी लावला, सकाळी मी लावला, काढायचं तर मला काढा. अधिकारी उठून उभा राहिला. तो उद्धट नव्हता. उद्धट असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "सर, मी तुम्हाला कसं काढू? तुम्ही स्पर्धेत नाही." अप्पांचे जोडलेले हात बराच वेळ तसेच राहिले. मीच त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

परतीची गाडी रात्रीची होती. सकाळी कलबुर्गी मागे पडल्यावर त्यांनी पाण्याची बाटली उघडायला घेतली आणि हात मध्येच थांबला. तर्जनी वाकलेली होती आणि सरळ होत नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाठ केली, डाव्या हाताने ते बोट धरलं आणि ओढून सरळ केलं. बोट झटका घेऊन सुटलं, तो झटका मला दिसला.

"कवापासून?" मी विचारलं.

"गेल्या साली तुरी काढल्या तवापासून. सकाळी लई आखडतंय. मग जरा ढिलं पडतंय."

माझ्या डोक्यात सगळं एकामागे एक लागत गेलं. चाप जड झालेच नव्हते. धूळ नव्हती, स्प्रिंग म्हातारी नव्हती. वाकायला कुरकुरणाऱ्या बोटाला सगळेच चाप जड लागत होते आणि वर्षभर ते आमची पिस्तुलं हलकी करत होते.

"सांगितलं कामून न्हाई, अप्पा?"

खिडकीतून बाहेर बघत ते म्हणाले, "सांगितलं असतं, तर तुमी पिस्तूल माझ्याकडं कामून दिलं असतं?"

हुमनाबाद येईपर्यंत मी पेटी मांडीवर घेऊन बसले आणि त्यांच्याकडे बघितलं नाही.

अक्कांना ठाऊक होतं. रोज पहाटे त्या कोमट पाणी करून द्यायच्या आणि अप्पा त्यात बोट बुडवून बसायचे. पुढे लेकीने त्यांना कलबुर्गीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, शुगर असलेल्यांना हे होतं, बोटाची नस जिथून सरकते ती वाट आवळते. त्यांच्या इंग्रजीत त्या दुखण्याचं नावही चापावरूनच पडलेलं आहे. एक छोटं ऑपरेशन केलं असतं तर बोट मोकळं झालं असतं, अर्ध्या तासाचं काम. पण त्या बोटाला ब्लेड लागेल या भीतीने अप्पांनी ते वर्षभर कुणाला दाखवलंच नव्हतं. हे ऐकलं तेव्हा मला त्यांची दया यायला हवी होती. मला राग आला. इतका राग आला की घरी येऊन मी धुणं आपटत बसले.

बाबा आपल्या शब्दाला जागले. उन्हाळ्यात माझं लग्न झालं. अप्पा आले होते. मांडवाच्या कडेला खुर्चीत बसले, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेले. लोक मला सांगत होते, हवालदारांनी मनाला लावून घेतलंय, तू जाऊन बोल. मी हार घातलेली, घामाने भिजलेली, नव्या माणसांच्या पाया पडत होते. नवरा चांगला आहे, सासर चांगलं आहे, हे मी इथे लिहिते कारण ते खरं आहे. मेहकरच्या शाळेत मी आता मुलांना खो-खो शिकवते. पिस्तुलाला त्यानंतर मी हात लावला नाही.

गोदाम आणखी वर्षभर चाललं असं ऐकलं. अप्पा पोरांना स्वतःच वजन लावून बघायला सांगायचे आणि कुणी पिस्तूल पुढे केलं तर हात मागे घ्यायचे. पोरांना त्यात मजा वाटेना. एकेक करून ती क्रिकेटकडे गेली, मोबाइलकडे गेली. मालकाने गोदामात खताची पोती भरली.

मग शुगर पायात उतरली. अक्कांचा फोन आला की पायाचा अंगठा काढलाय आणि ते कुणाशी बोलत नाहीत, तू ये. मी गेले. अप्पा पलंगावर भिंतीला टेकून बसले होते, पायाला पांढरी पट्टी. एवढा ताठ माणूस इतका बारीक झाला होता. मी पाया पडले. लेकराबाळांचं विचारून झालं, पावसाचं झालं, सोयाबीनच्या भावाचं झालं. अक्का चहा करायला आत गेल्या.

अप्पा म्हणाले, "जगू, एक इचारू? माझ्यावर राग हाय का तुझा?"

"न्हाई, अप्पा. राग कशाचा? आजारपण होतं. तुमची काय चूक?"

त्यांनी मान फिरवली. भिंतीकडे बघत म्हणाले, "तूबी तेच म्हणायलीस. गाव तेच म्हणतंय, तुझी अक्का तेच म्हणती, तुझा बापबी परवा येऊन तेच म्हणून गेला. समदे मला माफच करायलेत. कामून करायलेत? मी काय लहान लेकरू हाय? म्हातारा झालो म्हणून माझी चूकबी माझी ऱ्हायली न्हाई का?"

मला काय झालं कळलं नाही. मी एकदम उठून उभी राहिले. "व्हय, राग हाय," मी म्हणाले. "लई राग हाय. तुमाला ठाव होतं. वरीसभर ठाव होतं. एक शब्द बोलला असता तर मी वजन लावून बघितलं असतं. माझी नोकरी गेली, अप्पा. माझं समदं गेलं. आन् कशापाई? तुमाला लाज वाटली म्हणून." मी मोठ्याने बोलत होते. अक्का चहाचे ग्लास घेऊन दारातच थांबल्या होत्या.

अप्पांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पण त्यांची पाठ भिंतीपासून सुटली आणि ते सरळ बसले, बऱ्याच दिवसांनी सरळ बसल्यासारखे. "हां," ते म्हणाले. "बोल. अजून बोल."

मी अजून बोलले. सगळं बोलले. ते ऐकत राहिले आणि एकदाही म्हणाले नाहीत की आजारपण होतं. शेवटी माझेच शब्द संपले. मग त्यांनी अक्कांना सांगितलं, "हिला जेवल्याबिगर जाऊ देऊ नको." आणि मी जेवले. त्यांनी समोर बसून अक्कांना मला वाढायला लावलं, भाकरीवर तूप घातलं का बघितलं. निघताना पाया पडले तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पाचही बोटांचा.

ती आमची शेवटची भेट. पुढच्याच महिन्यात ते गेले.

मी मातीला पोचले तेव्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना अंगणात बसवलेलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार. बायका मला बघून जवळ आल्या. कुणीतरी पाठीवरून हात फिरवत म्हणालं, "त्या बेंगळूरूच्या गोष्टीनंच खाल्लं बग त्यांना. उगं मनाला लावून घेतलं. त्यांची काय चूक होती?"

मी म्हणाले, "चूक त्यांचीच होती."

एक म्हातारी पुटपुटली की मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. मी रडायला लागले होते, आईवेगळी झाल्यासारखी रडायला लागले होते, तोंडावर पदर धरायचंही भान राहिलं नाही. अप्पांच्या पायाशी बसलेल्या अक्का उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि त्या बायकांना म्हणाल्या, "बोलू द्या तिला. त्यांनाबी तिनं बोललेलंच बरं वाटलं होतं."